प्रमोटरचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, भावानं सही करावी का? (सांगली-मिरजेकडच्या बॉक्सिंगवाल्यांनी सांगा)

मिरज_६३किलो
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ २१ वर्षांचा आहे, विश्रामबागेत प्रॅक्टिस करतो, राज्य स्पर्धेत दोनदा मेडल आलंय. सकाळी रनिंग करून मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कामाला जातो, संध्याकाळी परत जिम. मागच्या महिन्यात एका प्रमोटरचा (फाईट भरवणाऱ्याचा) माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला, लई गोड बोलला, आणि आठवड्यानं व्हॉट्सॲपवर १४ पानांचं कॉन्ट्रॅक्ट आलं, सगळं इंग्रजीत. चार वर्षं बांधून घेणार आणि पुढं "ऑप्शन" म्हणून अजून दोन वर्षं, ती पण त्यांच्याच मर्जीवर. वर्षाला किती फाईट देणार ते कुठंच लिहिलेलं नाही. मावशी म्हणते पोराचं नशीब उघडलं, सही कर. मला नुसतं एवढंच कळत नाही की प्रमोटरच्या हातात खरंच एवढं असतं का, का पोरगं जिंकत राहिलं की आपोआप वर जातं?

रात्री३ची_फाईट
आपोआप वर जातं हे पहिलं डोक्यातनं काढ भावा. क्रिकेटसारखं वेळापत्रक नसतंय इथं. विजेतेपदाचे पट्टे देणाऱ्या मोठ्या संघटनाच चार, डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ, आणि प्रत्येक फाईट म्हणजे वेगळा सौदा. कोण कुणाशी, कधी, कुठल्या चॅनलवर, पैसे कसे वाटायचे हे सगळं प्रमोटर बसून ठरवतात. मेवेदर-पॅकियावचं बघ की, त्यावेळचे सगळ्यात मोठे दोन बॉक्सर. २००९ च्या शेवटी बोलणी सुरू झाली, तेव्हा पॅकियाव ३१ चा आणि मेवेदर तेहतिशीला टेकलेला, दोघंही ऐन भरात. उत्तेजक औषधांच्या रक्तचाचणीवरनं फिसकटलं ते फिसकटलंच. त्यात पॅकियावचा प्रमोटर बॉब अरम, आणि ह्याच अरमच्या टॉप रँक कंपनीतनं मेवेदर २००६ ला साडेसात लाख डॉलर मोजून बाहेर पडला होता, मग दोघांचं पटणार कसं? पुढं एकाचं चॅनल एचबीओ, दुसऱ्याचं शोटाइम. शेवटी फाईट झाली २ मे २०१५ ला, एक ३६ चा एक ३८ चा. ४६ लाख लोकांनी पैसे देऊन बघितली, मी पण पहाटे उठून बसलो होतो, आणि बारा राऊंड बघून जीव हळहळला राव. हीच फाईट पाच वर्षं आधी पाहिजे होती. ती वर्षं कोण परत देणार?

कुंडलचा_अण्णा
पोरांनो, मला बॉक्सिंगमधलं फार कळत नाही पण जोड लावणं काय असतं ते कळतं. आमच्याकडं मैदानाच्या आधी कुस्त्या जोडायला बसतात, समोर पोरं उभी असतात, खांदे, मान, मांडी बघायची, कुणाच्या तालमीतला, मागच्या मैदानात काय केलं, मग हात हातात द्यायचा. जोड लावणारा चांगला असला तर पोरगं तीन वर्षांत घडतं. आणि वाईट असला तर वीस वर्षांच्या पोराला महिन्यात चार जड कुस्त्या लावून गुडघा घालवतो. मी डोळ्यानं बघितलंय, नाव घेत नाही. पण आमच्यात एक बरं, ह्या यात्रेत नाही पटलं तर पुढच्या गावच्या मैदानात लंगोट बांधता येतो, कोण अडवत नाही. हे चार-सहा वर्षं कागदानं बांधून घेणं मला पटत नाही. उद्या पोराला दोन वर्षं कुस्तीच नाही लावली तर त्यानं काय करायचं?

रात्री३ची_फाईट
अण्णा बरोबर बोललात. पण एक बाजू अशीपण आहे की काही फाईट प्रमोटर नसता तर झाल्याच नसत्या. १९७४ ची अली-फोरमन घ्या. प्रमोटर डॉन किंगच्या खिशात काही नव्हतं, त्यानं दोघांना पन्नास-पन्नास लाख डॉलरचं वचन देऊन सह्या घेतल्या आणि मग पैसा शोधत फिरला, तो मिळाला झैरेचा (आताचं काँगो) हुकूमशहा मोबुटूकडनं, म्हणून फाईट किन्शासात. आणि त्याच अलीनं पुढं ह्याच किंगवर लॅरी होम्सबरोबरच्या फाईटचे ११ लाखांवर डॉलर कमी दिले म्हणून केस केली आणि शेवटी ५० हजार डॉलरवर मिटवली. टायसननं पण १९९८ ला त्याच्यावर १० कोटी डॉलरचा दावा केला, २००४ ला १ कोटी ४० लाख डॉलरवर मिटलं. म्हणजे जो दार उघडतो त्याच्याच हातात किल्ली राहते.
आपल्याकडचं सांगायचं तर विजेंदर. २०१५ ला इंग्लंडचा प्रमोटर फ्रँक वॉरेनकडं गेला, मँचेस्टरला पहिली फाईट, नऊ महिन्यांत दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओचा एशिया पॅसिफिक पट्टा. हे प्रमोटरनं पद्धतशीर चढवल्याशिवाय होत नाही, ते श्रेय द्यायलाच पाहिजे. नंतर २०१८ ला अरमशी करार झाला, पण डिसेंबर २०१७ ते जुलै २०१९ एकपण फाईट नाही. कारणं काहीही असोत, बत्तीस-तेहतीस वयाच्या बॉक्सरचं दीड वर्ष गेलं.

निळा_कोपरा
मी कराडचा. प्रो चार फाईट खेळलोय, सगळ्या निळ्या कोपऱ्यातनं, म्हणजे ज्याला जिंकवायचंय तो समोरच्या लाल कोपऱ्यात आणि आपण नुसते भरतीला. शेवटच्या फाईटला सांगितलं ६३ किलोचा पोरगा आहे, आदल्या दिवशी वजनाच्या काट्यावर त्याचं ६६ भरलं. मी दोन दिवस पाणी तोडून, चड्डीवर उभा राहून ६२.८ भरलेलो, ओठ फुटलेले. त्यांचा माणूस म्हणाला खेळायचं तर खेळ, नाहीतर गाडीभाडं तुझं तू बघ. खेळलो. चौथ्या राऊंडला भुवई फाटली, तीन टाके पडले, ते पण माझ्याच खर्चानं. पैसे निम्मे आले, उरलेले आजपर्यंत नाहीत. आणि त्याच्यापेक्षा वाईट पुढं झालं. चौदा महिने फाईट नाही, दुसऱ्यांनी बोलावलं तर जाता येईना कारण कॉन्ट्रॅक्ट चालू. फोन केला की एकच, बघू, जुळवतोय. मी ऊसाच्या ट्रॅक्टरवर बसलो तेव्हा २५ वर्षांचा होतो.
भावाला सांग, आकडा लिहून घ्यायचा. वर्षाला किमान इतक्या फाईट, नाही दिल्या तर करार आपोआप सुटला. वजन, डॉक्टर, पैसे किती दिवसांत, सगळं कागदावर.

कोर्टाशेजारी
सांगलीत वकिली करतो म्हणून लिहितो. अमेरिकेत २००० साली मोहम्मद अलीच्या नावानं कायदा झाला, त्यात प्रमोटर आणि बॉक्सरची बाजू बघणारा मॅनेजर एकच माणूस नको आणि फाईटमधनं प्रमोटरला किती मिळतंय ते बॉक्सरला सांगायचं, असं आहे. आपल्याकडं बॉक्सिंगसाठी असा वेगळा कायदा नाही, आपला आधार १८७२ चा करार कायदा. त्यातलं कलम २७ सांगतं की माणसाला धंदा करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेत रद्द. झहीर खानची केस वाचा, २००६, सुप्रीम कोर्ट. करार संपल्यावरही नवीन ऑफर आधी जुन्या कंपनीला दाखवायची असं कलम होतं, कोर्टानं ते चालू दिलं नाही. पण लक्षात ठेवा, हे करार संपल्यानंतरचं झालं. चालू कराराच्या मुदतीतलं बंधन सहसा टिकतं, म्हणून मुदत आणि ते ऑप्शन सहीच्या आधीच कापायचं. मॅनेजर कोण लिहिलाय ते पण बघा.

मिरज_६३किलो
मॅनेजर बघितला दादा. पान ९ वर प्रमोटरच्याच भावाचं नाव आहे आणि त्याला २५ टक्के. काल फोन करून विचारलं वर्षाला किती फाईट, तर म्हणाला विश्वास ठेवा. म्हटलं लिहून द्या, तर म्हणाला असं कोण लिहून देत नाही. मावशीला निळा_कोपरा दादांचं सगळं वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, पण मोबाईल घेऊन पान ९ दोनदा बघितलं.

निळा_कोपरा
रविवारी सांगलीत येतोय. कॉन्ट्रॅक्टची प्रिंट काढून ठेव, वकीलसाहेबांना वेळ असेल तर त्यांच्याकडंच बसू. आणि भावाला म्हणावं ग्लोव्ह घेऊन ये, बघतो हात कसा टाकतोय.