मदत हवी आहे: कपालभातीला चढत्या लयीचा ठेका कसा बसवावा?

योगवर्गात कपालभाती तीनतालावर (१६ मात्रांचा ताल) घ्यायची आहे, दर मात्रेला एक झटका. ठेक्याची फाईल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्लायडिंग स्ट्रेच' लावून मिनिटाला ६० मात्रांवरून १२० पर्यंत सलग चढवली. ८० पर्यंत सगळे एकत्र असतात. पुढे निम्मे मागे पडतात, काहींचे खांदे उडतात. शिवाय तालातली 'खाली' (९ व्या मात्रेपासूनचा भाग) आली की झटका मऊ पडतो. लय कुठवर न्यावी? भस्त्रिकेला हाच ट्रॅक चालेल का?

प्रतिसाद १
सलग चढ काढून टाका, पायऱ्या करा. कपालभातीत जोर फक्त उच्छ्वासाला असतो. पोट सैल सुटलं की श्वास आपोआप आत येतो. लय सतत पुढे सरकली की पोट सुटायला वेळ मिळत नाही, मग माणूस छातीने हवा ओढतो. खांदे उडतात ते त्यामुळेच.

६० ला तालाची २ आवर्तनं, म्हणजे पूर्ण फेरे (३२ सेकंद), ८० ला ३ (३६ सेकंद), ९६ ला ३ (३० सेकंद). एकूण १२८ झटके. लय बदलायची ती समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. मग मिनिटभर नुसता तानपुरा. नवशिक्यांना ८० च्या पुढे नेऊच नका. एक हात पोटावर ठेवायला सांगा: झटक्यानंतर पोट हाताला परत टेकलं नाही, तर ती लय त्या माणसासाठी जास्त आहे.

प्रतिसाद २
खालीत बायाचा (जोडीतल्या डाव्या तबल्याचा) घुमारा नसतो आणि वर्ग झटका देतो तो त्या घुमाऱ्यावर. ठेक्याखाली दर मात्रेला एकसारखी मंजिरी घाला. ठेकाही साधा हवा. भरावाचे बोल असले की कान दुगुन (दुप्पट लय) पकडतो आणि लोक मात्रेत दोन झटके मारतात. फाईल ताणूही नका, ६० ची ९६ केली की बोल फाटतात. तबल्याच्या ॲपवर तिन्ही लयी वेगवेगळ्या रेकॉर्ड करून जोडा.

धागाकर्ता
मंजिरीचं लक्षातच आलं नव्हतं, आजच घालतो. भस्त्रिकेचं काय? आणि मध्येच कुणाला गरगरलं तर?

प्रतिसाद १
भस्त्रिकेला वेगळा ट्रॅक करा. तिथे श्वास आणि उच्छ्वास दोन्ही जोरकस, म्हणून २ मात्रा आत, २ बाहेर. ६० च्या लयीत मिनिटाला १५ श्वास होतात, ८० ला २०. तिथेच थांबा.

गरगरणं, बोटांना मुंग्या येणं हे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरल्याचं लक्षण. लय कमी करून चालू ठेवू नका, पूर्ण थांबवा. 'दीर्घ श्वास घ्या' असंही सांगू नका, त्याने तो आणखी उतरतो. नाकाने नेहमीसारखा संथ श्वास घेऊ द्या. गर्भवती, उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, हर्निया किंवा पोटाची नुकती शस्त्रक्रिया झालेले, यांना या दोन्ही ट्रॅकवर बसवू नका.