स्वयंपाक करताना कानात इअरफोन असतात का तुमच्या?

रानजाई:
गेल्या दीड महिन्यात तीनदा कांदा करपला. वीस वर्षं रोज स्वयंपाक करतेय, असं कधी होत नव्हतं. आठवून बघितलं तर तिन्ही वेळा ओट्यावर डब्याला टेकवून फोन ठेवलेला, त्यावर मालिका चालू आणि कानात इअरफोन. शेजारच्या खोलीत नवऱ्याच्या मीटिंगा चालतात, म्हणून इअरफोन. नजर कढईवरच होती, अगदी शपथेवर सांगते. दिवसभराच्या कामानंतर तो एक भाग हीच माझी करमणूक, ती सोडायची तयारी नाही. तुम्ही कसं जमवता?

कढईकाठ:
ताई, नजर असेल हो, कान नव्हता. कांदा कानाने परततात. मी बारा वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात काढली. नवीन पोरगा कांदा परतायला लागला की उस्ताद पाठमोराच ओरडायचा, "आवाज बसला, उतरव!" वळून बघायचादेखील नाही.

कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. ते उडत असतं तोवर चर्रर्र असा मोठा आवाज येतो आणि कांदा १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो. पाणी संपत आलं की आवाज खाली येतो, नुसती बारीक चुरचुर उरते. तिथून तापमान भराभर चढतं आणि १४०च्या पुढे रंग झपाट्याने धरतो. या रंग धरण्याला मायार अभिक्रिया म्हणतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ती मांडली. सोनेरी कांदा काळा व्हायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात दोनदा पडद्याकडे बघितलं की संपलं. आवाज बसतो तो क्षण तुमच्या इअरफोनने खाल्ला.

दोनओळी:
एकाच कानात ठेवा. माझं तेवढ्यावर भागतं.

सांजवात:
मला कांद्यापेक्षा ते आपोआप सुरू होणारं "पुढचा भाग" जास्त खटकतं. रानजाई एक भाग म्हणतात, पण हात पिठात असताना दुसरा सुरू झाला तर बंद कोण करणार? माझं नेमकं तसंच व्हायचं. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद केलं आणि महिन्याभरात रात्रीची झोप परत आली. पण हे बटण मी शोधत का बसावं? मुळातच बंद का नसावं? ब्रिटनमध्ये मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेची आचारसंहिता २०२० मध्ये लागू झाली, कंपन्यांना वर्षभराची मुदत मिळाली. ती संपत आली त्याच सुमारास, २०२१ मध्ये, यूट्यूबने १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी ऑटोप्ले मुळातच बंद ठेवायचं जाहीर केलं. म्हणजे करता येतं. मोठ्यांसाठीही तसाच नियम हवा, असं मला मनापासून वाटतं. दिवसभर राबून दमलेल्या माणसाकडून स्वतःला आवरायची अपेक्षा किती ठेवायची?

रानजाई:
सगळ्यांचे आभार. कढईकाठ, तुमचं वाचून आई आठवली. शेवटच्या वर्षांत तिला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, तरी कांदा कधी करपला नाही. मी बाजूला बडबडत असले की हात वर करायची, "थांब जरा, ऐकू दे." मला वाटायचं, तिला माझ्या बोलण्याचा कंटाळा आलाय.

आज इअरफोन काढून उभी राहिले. आधी नुसता गलका, मग एकदम कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखा आवाज खाली आला. गॅस बारीक केला. कांदा छान सोनेरी झाला. मालिका नंतर जेवताना बघितली, ऑटोप्लेही बंद केलंय. आता एकच विचारते, दुधाचं काय? ते तर गुपचूप वर येतं.

कढईकाठ:
दुधाला मात्र डोळेच लागतात. वर सायीचा पापुद्रा धरतो, खाली वाफ कोंडते आणि एकदम सगळं उचलून बाहेर येतं. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुड्यांची माळ दिसली की गॅस बारीक करा आणि तेवढं मिनिटभर तिथून हलू नका.