विरहगीतांचा अल्बम घरच्या घरी : अनुभव धागा

ठाणे, नवी मुंबईत प्रेमभंगावरच्या पाच-सहा गाण्यांचा अल्बम घरीच रेकॉर्ड करणारे बरेच आहेत. आपली कहाणी नको. काय केलं की जमतं, काय बिघडतं आणि का, एवढंच नेमकं लिहा. वर नावाऐवजी आपला भाग टाका.

घोडबंदर रोड
हळव्या गाण्यात आवाज बारीक लागतो, म्हणून गेन (माइकचा आवाज पकडण्याचा जोर) वाढवावा लागतो. मग पंखा, लिफ्ट, गाड्यांची घरघर सगळंच आत येतं. रात्री शांत असेल असं धरून चालू नका, अवजड गाड्या तेव्हाच जास्त. गोधड्या टांगल्याने खोलीतला घुमारा जातो, रस्त्याचा आवाज थांबत नाही. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या माइकची पाठ खिडकीकडे करा, मागचं त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. गाणाऱ्याच्या मागे कपड्यांचं उघडं कपाट असू द्या. उरलेली घरघर ८० हर्ट्झखाली कापा. बाईचा आवाज असेल तर १०० पर्यंत चालतं.

नौपाडा
गाण्याबद्दल सांगते, कारण घोळ इथेच होतो. रडत रडत टेक देऊ नका. रडताना नाक चोंदतं आणि अनुनासिक वर्ण मरतात. ‘मन’ म्हटलेलं ‘बद’ ऐकू येतं. घसा आवळल्यामुळे वरचा षड्जही चढा लागतो. दुःख शब्दफेकीत आणि श्वासात ठेवा, घसा मोकळा हवा.

माइक तोंडापासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर (प-फ-भ चे फुत्कार अडवणारी जाळी). पाच सेंटीमीटरवर आलात की खर्ज फुगतो. एखादी कुजबुजती ओळ तशी छान वाटते, अख्खं गाणं गढूळ होतं. रेकॉर्डिंगची लेव्हल मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, तार सप्तकातली हाक फुटणार नाही. ओळींमधले श्वास पुसू नका, सहा डेसिबल खाली घ्या. आणि ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) सरसकट लावलंत तर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, चूक समजून ते तिच्या पायऱ्या करतं. फक्त ठहरावाचे सूर हाताने दुरुस्त करा.

ऐरोली
ताई, रागाचं काय? सगळ्यांनाच शिवरंजनी हवा असतो.

नौपाडा
तिथेच अल्बम एकसुरी होतो. शिवरंजनीत मध्यम-निषाद नाहीत, गंधार कोमल, धैवत शुद्ध. सा पांढरी एक (सी) धरून कीबोर्डवाल्याने सवयीने एफ मायनर कॉर्ड दाबला की मध्यम आणि कोमल धैवत दोन्ही घुसतात. सुगम संगीतात मिश्रण चालतं, पण ते ठरवून करावं. पुढचं गाणं किरवाणीत घ्या, एखादं मारव्यात. मारव्याला तानपुरा अॅपमध्ये पहिली तार पंचमाऐवजी शुद्ध निषादाला लावा. पंचम त्या रागात वर्ज्यच आहे, मागे तो वाजत राहिला की गाणं बसत नाही. लयही बदला, सहाच्या सहा गाणी ७० बीपीएमला (मिनिटाला ७० ठोके) नकोत.

नेरूळ
पावसाळ्यात गिटारचं लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात, वरचे सूर चढे लागतात. केसमध्ये सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. नव्या तारा आदल्या दिवशीच चढवून ताणून ठेवा.

कोपरी
मिक्स झाल्यावर सरासरी जोर उणे १४ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या जोराचं माप), ट्रू पीक म्हणजे सर्वात वरचं टोक उणे १ डेसिबल. याहून जोरात केलंत तरी स्पॉटिफाय खालीच आणतो, हातात उरतो तो चेपलेला आवाज. शांत कडवं आणि धृपद यांतला चढउतार वाचवा, या गाण्यांचा जीव त्यातच आहे. सगळ्यात जड गाण्यानंतर दोनऐवजी चार सेकंद रिकामे सोडा, ते गाण्याच्या फाइलच्या शेवटीच जोडा.

प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकी आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो, रीमिक्सला वेगळा. कवीची कविता घेतली असेल तर लेखी परवानगी आधी, चाल नंतर. कवीच्या निधनानंतरही भारतात ६० वर्षं हक्क वारसांकडे किंवा ज्याला दिले त्याच्याकडे असतात. गीतकार-संगीतकाराचे वाटे टक्क्यांत लिहून सह्या घ्या आणि मगच आयपीआरएसला (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदवा.

ऐरोली
फोनच्या स्पीकरवरही ऐकून बघा. तिथे खर्जातला शब्द हरवत असेल तर गाणं अर्ध्या स्वराने वर घ्या आणि पुन्हा गा. इक्वलायझरने तो शब्द वर येत नाही.