मदत हवी आहे: फळं कापायच्या सुरीची धार टिकत नाही

नमस्कार, आम्ही जालन्याचे, घरी मोसंबीची बाग आहे त्यामुळं फळं कापणं रोजचंच. सासूबाईंची जुनी लोखंडी सुरी आहे, मला ती लई आवडते कारण नव्या स्टीलच्या सुरीपेक्षा साल पातळ निघते तिनं. पण मोसंबीचा रस लागून पाच मिनिटं जरी तशीच राहिली तरी पात्यावर काळे डाग पडतात अन् मग गंज. आता मी लगेच धुऊन कोरडी पुसते, खोबरेल तेलाचं बोट फिरवते, गंज थांबला पण धार काही टिकंना, पिकल्या केशर आंब्याची फोड दबून चिरडली जाते.

पूर्वी सायकलवाला धार लावायला यायचा, आता येत नाही. कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासून बघितलं, दोन दिवस बरं चाललं. हजार नंबरचा (मध्यम बारीक कणांचा) पाण्याचा दगड, म्हणजे पाणी लावून धार लावायचा, तो घ्यावा का? पातं किती तिरकं धरायचं, पंधरा डिग्री का वीस? अन् सफरचंदाच्या आठ फोडी करायचं गोल कटर आहे, त्याच्या पात्यांत दगड जातच नाही, त्याला धार कशी लावतात? कुणी घरी केलं असंल तर प्लीज नीट सांगा.