कला शाखेची पदवी: पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवले तर?

दांडियाबाजारकर
माझी पुतणी वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला असून इतिहास हा तिचा मुख्य विषय आहे. घरच्या अडचणीमुळे तिला एक-दोन वर्षे शिक्षण थांबवावे लागेल, असे दिसते. आमच्या वेळी बी.ए. अर्धवट सुटले की हाती केवळ गुणपत्रिका उरत असे. आता वर्षाअखेरीस प्रमाणपत्र मिळते म्हणतात. त्या प्रमाणपत्राचा पुढे पदवीसाठी उपयोग होतो का, हे जाणकारांनी सांगावे.

वाचनवेडी
होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षी ४० श्रेयांक (अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळणारे क्रेडिट) मिळवून, त्याच उन्हाळ्याच्या सुटीत ४ श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते. (हा उन्हाळी अभ्यासक्रम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून आवर्जून सांगते.) पदवीला १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. मिळवलेले श्रेयांक अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. मात्र परत येण्यास तीन वर्षांची आणि पदवी पूर्ण करण्यास एकूण सात वर्षांची मर्यादा आहे.

निवृत्त अध्यापक
वरील माहिती बरोबर आहे. परंतु श्रेयांकांच्या बेरजेकडेच पाहून पालक निश्चिंत होतात, याची मला काळजी वाटते. १२० पैकी किमान ६० श्रेयांक मुख्य विषयाचे असतात आणि ते एका पातळीवरचे नसतात: पायाभूत अभ्यासक्रमांना १०० ते १९९ हे क्रमांक असतात, वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांना ३०० ते ३९९. पहिल्या वर्षी विद्यार्थी कालखंडांची ओळख करून घेतो, आणि पुढे एखादा पुरावा विश्वासार्ह कसा ठरतो, दोन इतिहासकार एकाच घटनेबद्दल वेगळे का लिहितात, हे त्याला स्वतः तपासावे लागते. दोन वर्षे पुस्तक न उघडता परतलेल्या मुलीचे श्रेयांक शाबूत असतील, पण पुढच्या पायरीवर ती अडखळेल. बडोदा संस्थानचे बरेच जुने दप्तर मोडी लिपीत आहे. मराठी घरातल्या मुलीने या खंडाच्या काळात मोडी वाचायला शिकून घेतले, तर तिसऱ्या वर्षी मूळ कागदांपर्यंत पोहोचण्याची वाट तिला मोकळी होईल. त्यासाठी कोणी श्रेयांक देणार नाही, तरीही तिने ते करावे असे मी कळकळीने सुचवतो.

वाचनवेडी
सरांच्या म्हणण्याला एक जोड देते. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो. म्हणून पहिल्या वर्षाचे गुणही आत्ताच जपायला हवेत.

दांडियाबाजारकर
आपणा दोघांचा आभारी आहे. उन्हाळी अभ्यासक्रमाची चौकशी उद्याच कार्यालयात करतो. मोडीचे म्हणाल, तर आमच्या आजोबांच्या हातच्या मोडीतल्या दोन वह्या घरी आहेत. त्या आज तिच्याकडे देतो.