तिसरी-चौथीच्या मुलांना 'संशोधन' कसं दाखवावं? (नागपूर)

चौथी_ब:
विज्ञान दिनाला दरवर्षी तोच सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी होतो. मुलं टाळ्या वाजवतात, पण शोधत काहीच नाहीत. 36 मुलं, आठवड्याला दोन तासिका, खर्च पाचशेच्या आत. काय करता येईल? आणि रमण विज्ञान केंद्राची सहल आधी काढावी की नंतर?

मोडाची_उसळ:
बाई, मूग घ्या. पण 'बी उगवायला पाणी लागतं का' हे विचारू नका, ते पोरांना ठाऊक असतं. विचारा: 'पाण्यात किती मीठ असलं तरी मूग उगवतो?' उत्तर कोणालाच नक्की माहीत नसतं, तुम्हालाही नाही.

चार पाणी करा: साधं, आणि लिटरला अर्धा, एक, दोन सपाट चहाचे चमचे मीठ (चमचा साधारण 5-6 ग्रॅम). प्रत्येक पाण्याच्या तीन डब्या, म्हणजे बारा डब्या, तीन-तीन मुलांचे गट. झाकणाची चपटी डबी, तळाशी टिश्यूचे दोन पदर, 20 मूग, बिनसुईच्या सिरिंजने 8 मिली पाणी. मूग एकाच पिशवीतले.

तीन डब्या कशाला? साध्या पाण्यातही दोन-एक दाणे गणंग निघतात. एकाच डबीत ते चार आले तर पोरं मिठावर खापर फोडतील.

'उगवला' कशाला म्हणायचं ते आधीच फळ्यावर लिहा: मोड 2 मिमी बाहेर आला तर. हे न ठरवता सुरू केलंत की तिसऱ्या दिवशी भांडणं. सोमवारी सुरुवात करा, मंगळ-बुध-गुरू एकाच वेळी मोजा, रविवार मध्ये येत नाही.

घोळ होतो तो झाकणाशी. डबी उघडी राहिली की पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, आणि 'अर्धा चमचा'वाली डबी नकळत 'एक चमचा'वाली होते. पाणी घालायची वेळ आलीच तर सगळ्या डब्यांत साधंच घाला. दाणे पाण्यात बुडाले तर हवा मिळत नाही, कुजतात. डबी तिरकी केल्यावर पाणी ओघळू नये.

माठवाला:
मूग छान, पण मार्चनंतर आपल्याकडे माठासारखा प्रयोग नाही. फक्त माठ विरुद्ध स्टीलचा गंज (भांडं) असं करू नका, दोन्हींत शंभर फरक. एकाच आकाराची दोन मडकी घ्या, एकाला बाहेरून ऑइलपेंट, म्हणजे त्यातून पाणी झिरपून उडणार नाही. रंग पूर्ण वाळू द्या, दोन्ही मडकी आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर कोरी माती पाणी पिते आणि मुलं ते 'उडालेलं' धरतात. सावलीत, वाऱ्यावर, दर तासाला तापमान.

थर्मामीटर प्रयोगशाळेचा, लाल द्रवाचा. तापाचा चालत नाही, तो 35 ते 42 अंशांतलंच दाखवतो. पाऱ्याचा वर्गात आणूच नका. हाच प्रयोग जुलैत पुन्हा करा. दमट हवेत दोन्ही मडक्यांतला फरक जवळपास पुसला जातो, आणि 'काऊन?' हा प्रश्न पोरंच विचारतात.

चौथी_ब:
दोन्ही करते. एक अडचण: मुलं शेजारच्या गटाचे आकडे बघून आपले बदलतात.

मोडाची_उसळ:
डब्यांवर फक्त अक्षरं लिहा, कशात किती मीठ ते तुमच्या वहीत. मोजणी दुसऱ्या गटाकडून. नोंद पेनाने, खोडरबर बंद, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं. गुण वहीला, उत्तराला नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा, तरच पोरं खरे आकडे लिहितात.

सरासरी तिसरीला जमत नाही, नादी लागू नका. आलेखाच्या कागदावर प्रत्येक डबीची एक टिकली लावा, कपाळाची साधी टिकली. तीन टिकल्या जवळजवळ की लांब, हे पाहूनच त्यांना खूप काही कळतं.

माठवाला:
सहल नंतर. आधी नेलंत तर रमण केंद्रात पोरं नुसती बटणं दाबत फिरतात. प्रयोगानंतर जमलं तर वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र देऊन पाहा. परवानगी मिळाली तर एकच प्रश्न विचारायला लावा: एकच वाण वेगवेगळ्या तुकड्यांत पुन्हा पुन्हा का पेरतात?

चौथी_ब:
मीठ आयोडीनचं चालेल ना?

मोडाची_उसळ:
चालेल. फक्त सगळ्या डब्यांना एकाच पुड्यातलं.