गावच्या कबड्डी मंडळाचा इतिहास कसा जुळवायचा?

तापीकाठ: राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातल्या आमच्या कबड्डी मंडळाची स्मरणिका काढायची आहे. स्थापनेचं साल प्रत्येक म्हातारा वेगळं सांगतो. पक्का कागद कुठे मिळेल?

दप्तर: जळगावच्या धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट १ चा (म्हणजे संस्थेच्या नोंदवहीचा) उतारा मागा. नोंदणी क्रमांक 'एफ' ने सुरू होत असेल तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंद असणार. तिथली मंडळाची घटना (नियमावली) आणि पहिल्या कार्यकारिणीची यादी काढा. पुढचे पदाधिकारी 'बदल अर्जां'त, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याचं कळवणाऱ्या अर्जांत, सापडतात. पण नोंदणीचं साल म्हणजे स्थापनेचं साल नव्हे. बरीच मंडळं वर्षानुवर्षं नोंदणीविनाच खेळली. म्हणून ग्रामपंचायतीचं ठराव बुक बघाच, मैदानाच्या जागेचा ठराव बहुधा तिथेच असतो. 1960 च्या आधीचे कागद 'पूर्व खानदेश' नावाने शोधा, 'जळगाव जिल्हा' नावाने हाती लागणार नाहीत.

चढाई: जुन्या बातम्यांत 'हुतूतू' शोधा, कबड्डीचं आपल्याकडचं जुनं नाव. गुणपत्रक वाचताना खेळाचा प्रकार ओळखा: संजीवनीत बाद गडी परत येतो, अमरमध्ये बाद झाला तरी मैदानातच राहतो. हे चुकलं तर गुणांचा अर्थच उलटा लागतो.
बक्षिसाच्या ढालीवरची अक्षरं पुसट असतील तर चिंचेने घासू नका, कोरीव काम आणखी झिजतं. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, साल उमटतं.

तापीकाठ: ढाली तीन आहेत, आधी त्याच बघतो. आभार, भाऊ.